दुसरा कॅल्क्युलेटर

वहिनींनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि गच्चीचं दार मागून ओढून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की हा चहा फुकटचा नाही. गौरी-गणपतीसाठी मी पुण्याहून विट्याला आलो होतो. खाली आई शेजारणीला करंज्यांचं सारण चाखायला देत होती आणि दादाच्या दोन्ही पोरी, सानिका आणि स्वरांजली, मखराभोवती गोंधळ घालत होत्या.

“भावजी, तुम्ही ते पेपरात लिहिता ना, फोनमधलं कसं लपवायचं,” वहिनी म्हणाल्या, “ते खरंच लपतं का?”

मला जरा रागच आला. मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत होतो आणि दर रविवारी एका दैनिकाच्या पुरवणीत सदर लिहायचो. तुमची माहिती गुप्त ठेवतो म्हणून छातीठोकपणे सांगणारी ॲप खरंच ठेवतात का, हे वापरून बघायचं आणि सांगायचं, एवढाच विषय. पण मी तो असा काही लिहायचो की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसासमोर कुणाची डाळ शिजत नाही. फुकटच्या व्हीपीएनवाल्यांची तर मी महिन्याआड धुलाई करायचो. लोकांची पत्रं यायची, ऑफिसातली पोरं सल्ला विचारायची, आणि माझी मान ताठ होत चालली होती. अशा माणसाला घरातलीच बाई विचारते, खरंच लपतं का?

“काय लपवायचंय त्यावर आहे,” मी म्हटलं. “कोण आहे तो, नाव तरी सांगा.”

आमच्यात अशी थट्टा चालायची. वहिनी एरवी माझ्यापेक्षा वरचढ उत्तर द्यायच्या. त्या दिवशी हसल्यासुद्धा नाहीत. वाळत घातलेल्या टॉवेलाची टोकं सारखी करत त्यांनी मला जे सांगितलं, ते ऐकून माझा चहा निवून गेला.

ते सांगण्याआधी आमच्या घराचं थोडं सांगायला लागेल. आमच्या भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून बसलेली आहेत. वडील गेले तेव्हा प्रतापदादा बारावीत होता. त्यानं वह्या-पुस्तकं बांधून ठेवली आणि चुलत्याबरोबर तमिळनाडूत सेलमला गेला. भट्टीसमोर बसून त्यानं रोहिणीताईचं लग्न केलं, मला इंजिनियर केलं आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. वर्षातून तीन-चार वेळा घरी यायचा. आला की घर भरून जायचं. पोरींवर त्याचा जीव होता, हे मी कुणापुढंही शपथेवर सांगेन.

पण त्याला मुलगा पाहिजे होता. आईला तर त्याहून जास्त. स्वरांजली दोन वर्षांची झाल्यावर आईनं नवस बोलून पायातली चप्पल सोडली. नातू होईपर्यंत अनवाणी राहणार. मे महिन्यात डांबरी रस्त्यावरून देवळात जाऊन यायची आणि आल्यावर तळव्यांना एरंडेल लावत बसायची. वहिनींना या डॉक्टरकडं, त्या वैद्याकडं नेऊन झालं होतं. कुणीतरी दिलेली पूड त्या मधातून चाटायच्या. बायका येऊन ओटीत नारळ टाकून जायच्या आणि जाताना हळहळायच्या.

आणि या सगळ्या काळात वहिनी गुपचूप गोळ्या घेत होत्या. मूल होऊ नये म्हणूनच्या.

“मला मूल नको असं नाही,” त्या म्हणाल्या. “पण तिसरं झालं की सरकारी नोकरीला अर्जच करता येत नाही. तुम्हाला माहितीये मी परीक्षेत किती मार्क पाडलेत.”

मला माहीत होतं. शिक्षक भरतीच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी भाकऱ्या थापताना केला होता, कपाटाच्या दारावर सनावळ्या चिकटवून. मार्क असे होते की भरती निघाली की नाव लागणार, यात शंका नव्हती. भरती मात्र निघत नव्हती. आज निघेल, उद्या निघेल करत दोन वर्षं गेली होती.

“एकदा ऑर्डर हातात पडू दे,” त्या म्हणाल्या. “मग मीच सांगते यांना, तोंडावर. काय व्हायचं ते होऊ दे. तोवर मला वेळ पाहिजे.”

अडचण फोनची होती. त्यांची एक कॉलेजातली मैत्रीण सांगलीला डॉक्टर होती, तिच्याशी फोनवरच सगळं बोलणं चालायचं. आणि आमच्या घरात फोन कुणा एकाचा असा नव्हताच. वहिनींच्या फोनवर सानिका गेम खेळायची, आई त्यावरून मावशीशी बोलायची, दादा आला की सोफ्यावर पडल्या पडल्या तो चाळायचा. संशयानं नाही, सवयीनं. दारात पडलेला पेपर उचलावा तसा. वहिनी प्रत्येक मेसेज वाचून लगेच पुसायच्या आणि मग डॉक्टरनं काय सांगितलं होतं तेच विसरायच्या.

मी दादाचा भाऊ होतो. खरं तर मी तिथंच म्हणायला हवं होतं की वहिनी, मला यात घेऊ नका. किंवा दादाशी बोलायची तयारी दाखवायला हवी होती. यातलं मी काहीच केलं नाही. वहिनींनी एवढी मोठी गोष्ट मला सांगितली याचंच मला कौतुक वाटलं. आईला सांगावी, बहिणीला सांगावी अशी गोष्ट, आणि सांगितली मला. माझं लग्नही झालं नव्हतं तेव्हा.

“माझ्यावर सोडा,” मी म्हटलं. “महिनाभर द्या. असं शोधून देतो की ब्रह्मदेवाला दिसणार नाही.”

पुण्यात येऊन मी हात धुऊन त्यामागं लागलो. फोटो आणि गप्पा कुलपात ठेवतो म्हणणारी जेवढी ॲप मिळाली, तेवढी एका कोऱ्या फोनवर घालून बघितली. एकानं कुलूप म्हणून नुसतं फोटोचं नाव बदललं होतं, फोन कॉम्प्युटरला जोडला की सगळं उघडं. एक ॲप माझ्या ओळखीच्या लोकांची यादी कुठल्या तरी भलत्याच देशात पाठवत होतं. एक इतकं जाहिरातींनी भरलेलं की त्याच्या धंद्याची कल्पना अटी वाचायच्या आधीच आली. मी अटीही वाचल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. कंपनी कुणाची, पैसा कुठून येतो, ॲप काढून टाकलं तर मागं काय उरतं, सगळं खणून काढलं. शेवटी एक उरलं. वरून साधा कॅल्क्युलेटर दिसायचा, बेरीज-वजाबाकीही करायचा. चार आकडी नंबर टाकून बरोबरचं चिन्ह दाबलं की आतली तिजोरी उघडायची. तिच्यात फोटो ठेवता यायचे, वेगळं चॅट चालवता यायचं. नंबर माहीत नसेल तर ते मलाही फोडता आलं नाही, आणि मी मनापासून प्रयत्न केला होता.

एवढी मेहनत केलेली वाया कशाला घालवायची, म्हणून त्याच ॲपवर मी सदरही लिहिलं. “डोळे झाकून वापरा,” असं शेवटचं वाक्य होतं. मी कुणालाच असं प्रशस्तिपत्र देत नसे, त्यामुळं संपादकांचा मुद्दाम फोन आला.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी विट्याला जाऊन मी ते वहिनींच्या फोनवर घातलं. पुन्हा गच्चीवरच. नंबर टाकायची वेळ आली तेव्हा मी मान फिरवली, तर त्या म्हणाल्या, “आता तुमच्यापासनं काय लपवायचं?” आणि माझ्यासमोरच सानिकाची जन्मतारीख टाकली. जन्मतारीख ठेवू नये, कुणीही ओळखतं, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाल्या की पोरींशिवाय दुसरं काही डोक्यात राहतच नाही. मी हसून सोडून दिलं.

पुसून टाकलेलं दोन वर्षांचं बोलणं त्यांनी डॉक्टर मैत्रिणीकडून परत मागवून घेतलं होतं, ते तिथंच आत हलवलं. एक फोटोही होता, नेहमीच्या गोळ्या मिळेनात म्हणून दुसऱ्या घेतल्या, त्या चालतील का असं विचारायला दोन दिवसांपूर्वी काढलेला. तोही तिजोरीत गेला. मी त्यांच्या फोनची गॅलरी उघडून दाखवली, फोटो कुठंच नव्हता. वहिनींनी असा काही श्वास सोडला की मला स्वतःचा अभिमान वाटला.

दसऱ्याला दादा आला. कराडहून रोहिणीताई आणि दाजी आले. दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या गावात देवांच्या पालख्या पळवतात, ती शर्यत बघायला सगळ्यांनी जायचं होतं, म्हणून जेवणं लवकर उरकली. पुरणपोळ्या अंगावर आल्या होत्या. सगळे हॉलमध्ये पसरले होते. दादानं स्वरांजलीला पोटावर बसवलं होतं. वहिनी ओटा आवरून पदराला हात पुसत नुकत्याच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

टीव्हीवर फोटो फिरत होते. तो टीव्ही आदल्या दिवाळीत मीच आणला होता. कुणी काही लावलं नसेल तर त्यावर घरातल्यांचे फोटो आपोआप एकामागून एक दिसायचे, आणि आईला त्याचं भारी वेड. मालिका सोडून ती फोटो बघत बसायची. त्या दिवशीही चाललं होतं, हा सानिकाच्या स्नेहसंमेलनातला, हा खंडोबाला गेलो होतो तेव्हाचा, ही बघ स्वरा कशी रडलीय.

मग एक हात आला. एवढ्या मोठ्या पडद्यावर नुसता तळहात, अंगठ्याखाली पोळल्याचा डाग असलेला. आमच्या घरात तो डाग कुणालाही ओळखू आला असता. आणि तळहातावर गोळ्यांची पट्टी. एका गोळीकडून दुसरीकडं जाणारे बारीक बाण काढलेली.

“अगं, या तर मी घेत होते त्याच,” रोहिणीताई सहज म्हणाली, “आमचा पिंट्या झाल्यावर.” आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

फोटो बदलला होता. केळीखाली उभ्या दोन्ही पोरी.

“मागं घे,” दादा म्हणाला. रिमोट माझ्या मांडीजवळ होता. मी मागं घेतला.

त्या क्षणी मला सगळं कळलं. आमच्या घरातल्या सगळ्या फोनना एकच खातं होतं, दादाच्या नावाचं. दादाला सेलममध्ये बसून रोज पोरींचे फोटो बघता यावेत, म्हणून घरातल्या कुठल्याही फोननं काढलेला फोटो आधी त्या खात्यात जायचा. तिथून टीव्हीवर. मग तो फोनमध्ये तिजोरीत ठेवा नाहीतर फोनच आडात टाका. ही सोय मोबाईलच्या दुकानदारानं केलेली नव्हती. आदल्या दिवाळीत टीव्ही लावताना मीच केली होती, आणि दादानं माझ्या पाठीवर थाप मारली होती. महिनाभर मी परक्या देशातल्या कंपन्यांच्या अटी वाचत बसलो, पण वहिनींचा फोन कुणाच्या खात्यावर चालतो एवढं बघायचं मला सुचलं नाही. माझा तपासायचा फोन कोरा होता. पुण्यातल्या खोलीत मी एकटा राहत होतो.

“शर्मिला,” दादा म्हणाला. “कसल्या गोळ्या आहेत?”

मला वाटलं, संपलं. पण वहिनी डगमगल्या नाहीत.

“पाळीचा त्रास होतो,” त्या म्हणाल्या. “महिना महिना येत नाही, आली की थांबत नाही. ती नियमित व्हावी म्हणून डॉक्टरनं दिल्यात.”

“हां, देतात तशाही,” रोहिणीताई घाईघाईनं म्हणाली. “माझ्या जावेला दिल्या होत्या की. पाळी सुरळीत झाली की मग दिवस राहायला सोपं जातं म्हणतात.”

आईचा चेहरा लगेच उजळला. म्हणजे इलाजच चाललाय म्हणायचा. दादाही सैल झाला. त्याला तेच ऐकायचं होतं. मला का सांगितलं नाहीस, एवढंच त्यानं विचारलं. तुम्ही तिकडं एकटे, उगाच काळजी करत बसाल, असं वहिनी म्हणाल्या. ते निभावून गेलं होतं. मी आज इतक्या वर्षांनी सांगतो, वहिनींनी ते एकटीनं निभावून नेलं होतं.

दादा उठला तोही काळजीनंच. म्हणाला, डॉक्टरचा नंबर दे, मीच विचारतो काय त्रास आहे ते, लागलं तर सेलमला मोठ्या डॉक्टरला दाखवू. आणि त्यानं टीपॉयवरचा वहिनींचा फोन उचलला. नंबर शोधता शोधता थबकला. दिवसभर तोळे आणि मिलिग्रॅमचे हिशोब करणारा माणूस, त्याची नजर नेमकी तिथंच गेली.

“कॅल्क्युलेटर दोन-दोन कशाला?”

दाजी डोकावले. बिचारे माझं सदर न चुकता वाचायचे, कराडात सगळ्यांना दाखवायचे. “अरे, हे तर अवधूतचं,” ते कौतुकानं म्हणाले. “परवाच लिहिलं होतं यानं. वरनं कॅल्क्युलेटर, आत तिजोरी. काय पाहिजे ते लपवा.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तू घालून दिलंस?” दादानं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. विचार करायलाही थांबलो नाही.

“मीच घातलं,” दारातून वहिनी म्हणाल्या. “भावजींचं वाचून. पोरींचे न्हाताना काढलेले फोटो आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात फोन पडतो म्हणून.”

पुन्हा एक धडधडीत, पटण्यासारखं उत्तर. दादानं फोन माझ्यापुढं धरला. तो काय म्हणाला ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानं मला सुटायची वाट दिली होती.

“तुला यातलं कळतं. उघडतं का बघ. नसलं उघडत तर राहू दे.”

राहू दे म्हणाला. मी एवढंच म्हणायचं होतं की दादा, हे उघडत नाही. ते खोटंही ठरलं नसतं, महिनाभर झटून मला ते फोडता आलं नव्हतं, तसं मी पेपरात छापून आणलं होतं, दाजींनीच साक्ष दिली असती. सगळे उठून शर्यत बघायला गेले असते. वहिनींनी रात्रीत सगळं पुसून टाकलं असतं.

पण दादा माझ्या तोंडाकडं बघत होता. ज्यानं माझ्यासाठी वह्या बांधून ठेवल्या, त्याची नजर मला सहन होईना. माझ्या मनात एकच होतं, याला कळता कामा नये की मी यात आहे. नाही उघडत म्हणालो तर हा म्हणेल, भाऊ लपवतोय. उघडून दाखवलं तर माझा काही संबंध नाही हे आपोआप सिद्ध होईल. हे सगळं डोक्यात यायला क्षणसुद्धा लागला नाही. भ्यालेल्या माणसाचं डोकं फार भराभर चालतं.

मला नंबर ठाऊक होता. तो मी लगेच टाकला नाही. ठाऊक नसलेला माणूस कसा करेल तसं केलं, जरा कपाळाला आठ्या घातल्या, आणि आधी दादाची जन्मतारीख टाकली. उघडलं नाही. मग “लग्नाची तारीख काय रे तुमची?” असं दादालाच विचारून ती टाकली. उघडलं नाही. दाजी म्हणाले, पक्कं आहे की. दादा म्हणाला, राहू दे रे. दुसऱ्यांदा म्हणाला.

मग मी सानिकाची जन्मतारीख टाकली.

वहिनींकडं मी बघितलं नाही. फोन दादाच्या हातात देता देता पडद्यावरचं दोन ओळी वाचण्यापुरतं दिसलं. वहिनींनी डॉक्टरला लिहिलं होतं, “सासूबाई उन्हात अनवाणी चालतात गं. मला त्यांच्या पायांकडं बघवत नाही. सांगून टाकू का?” दादानं ते वाचलं की नाही मला माहीत नाही. तो बोटानं वर वर सरकवत गेला. दोन वर्षांचं होतं सगळं. ऑर्डर आली की सांगलीत खोली घ्यायची, तिथं पोरींना कुठल्या शाळेत घालायचं, तेही होतं. तिथं येऊन त्याचं बोट थांबलं.

तो ओरडला नाही. फोन टीपॉयवर ठेवून म्हणाला, “खोलीसुद्धा बघून ठेवली होतीस.” आणि पायात चपला सरकवून बाहेर गेला. आईला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर ती स्वतःचे तळवे पालथे करून बघत बसली. “मी एवढी चालले गं,” एवढंच म्हणाली. वहिनी तिच्यासमोर खाली बसल्या आणि रडल्या. मी स्वरांजलीला उचलून गच्चीवर गेलो. खालून पालख्यांचा गलका ऐकू येत होता. आमच्या घरातून त्या वर्षी कुणी गेलं नाही.

दिवाळी झाल्यावर दादा वहिनींना आणि पोरींना सेलमला घेऊन गेला. शाळेतनं नावं काढली, कपाटाच्या दारावरच्या सनावळ्या आईनं खरवडून काढल्या. पुढच्या वर्षी यशराज झाला. दादानं मला भट्टीवरूनच फोन केला, त्याला हुंदका आवरत नव्हता. आईसाठी तो सेलमहून चपला घेऊन आला आणि देवळाच्या पायरीवर त्यानं स्वतः तिच्या पायात घातल्या. पोरगा रांगायला लागला तेव्हा भरतीची जाहिरात निघाली. वहिनींच्या बरोबरच्या दोघीजणी आज सरकारी शाळेत शिक्षिका आहेत, त्यातल्या एकीला वहिनींपेक्षा कमी मार्क होते.

मी त्यानंतर एकाच घरातल्या अनेक फोनना एक खातं असण्याच्या धोक्यावर लेख लिहिला. नावगाव बदलून वहिनींच्याच फोटोची हकिकत त्यात घातली, टीव्हीवर दिसलेला हात, गोळ्या, सगळं. त्या लेखाला माझ्या आजवरच्या कुठल्याही लेखापेक्षा जास्त पत्रं आली. एका वाचकानं लिहिलं होतं की आपल्यासारखी दक्ष माणसं समाजाला हवीत. ते वाचून मला स्वतःची किळस आली. वर्षभरानं मी सदर बंद केलं. कारण विचारलं तेव्हा वेळ मिळत नाही म्हणून सांगितलं.

यशराज माझा लाडका आहे. मी गेलो की तो माझ्या गळ्यातून खाली उतरत नाही, आणि तो गळ्यात असताना, हा नसता तर बरं झालं असतं, असं कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणवत नाही. पण त्याच्या डोक्यावरून वहिनी दिसतात, आणि मग दुसरं काही बघवत नाही.

इतक्या वर्षांत वहिनींनी त्या दिवसाचा विषय काढला नव्हता. दादाला अजूनही माहीत नाही. ॲप मी घालून दिलं होतं हे नाही, आणि नंबर मला ठाऊक होता हेही नाही. वहिनींनी सांगितलं नाही. त्यांना दोन शब्दांत माझं तोंड काळं करता आलं असतं, आणि तसा प्रसंग घरात अनेकदा आला असणार.

या उन्हाळ्यात मी सेलमला गेलो होतो. दादा दुकानात होता, पोरं शेजारी खेळायला गेली होती. वहिनी मला वाढत होत्या. आता त्या तमिळ फाडफाड बोलतात, गल्लीतल्या मराठी पोरांना घरी शिकवतात. इकडतिकडचं बोलणं चाललं होतं, सानिकाच्या कॉलेजचं. आमटीची वाटी माझ्यापुढं ठेवून त्या समोर बसल्या.

“भावजी, एक विचारू?”

“विचारा की.”

“तुम्हाला नंबर ठाऊक होता. मग पहिले दोन चुकीचे का टाकलेत?”

मी घास पानात ठेवला. खोटं सांगण्यासारखं काहीतरी सुचलंही होतं, तेवढी सवय आहे मला. पण नाही बोलवलं.

“खरं वाटावं म्हणून,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना तसंच वाटलं होतं.

“पहिला चुकला तेव्हा मला वाटलं, भावजी मला वाचवतायत,” त्या म्हणाल्या. “दुसरा चुकला तेव्हा मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडले.”

मग त्यांनी पातेलं पुढं ओढलं आणि माझ्या पानात भात वाढला.